मिस, मिसेस, मॅम की लेडी? कोकणात पाहुण्या बाईंशी इंग्रजीत आदराने बोलण्या-लिहिण्याची पद्धत

मालवण-तारकर्लीपासून गुहागर, दापोली, श्रीवर्धन करत अलिबागपर्यंत घरगुती निवास चालवणारे, होडीवाले, गाईड आणि बचत गटाच्या बायका आता रोज इंग्रजीत लिहितात-बोलतात. बुकिंगचं उत्तर, धक्क्यावरची सूचना, वेबसाइटवरचा मजकूर, गटाचा अर्ज. कामापुरती भाषा बहुतेकांना जमते. अडतं ते समोर बाई असली की तिला काय म्हणायचं, तिच्याबद्दल काय लिहायचं, इथे. एकाच पाहुणीला सकाळी ‘मिसेस’, दुपारी ‘डिअर’ आणि संध्याकाळी ‘आंटी’ ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याच्या मनात वावगं काहीच नसतं. तरी ऐकणारीला ते खटकतं, आणि इतक्या मनापासून केलेला पाहुणचार एका शब्दापायी उणा पडावा, हे मला बघवत नाही.

खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. बहुतेक जण थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतात, म्हणजे शब्द शोधायला बसतात, आणि पहिले दोन राहून जातात. चुका तिथेच होतात.

टप्पा १ : पाहुणी येण्याआधी नाव नीट मिळवा

आदराचा सर्वांत भरवशाचा शब्द म्हणजे त्या बाईंचं स्वतःचं नाव, त्यांना हवं तसं उच्चारलेलं. त्यामुळे पहिलं काम बुकिंगच्या वेळीच करायचं.

तुमच्या बुकिंग फॉर्मवर ‘मिस्टर / मिसेस’ अशी खूण करायची चौकट असेल तर ती काढा. तिच्या जागी एकच प्रश्न घाला : ‘हाऊ वुड यू लाइक टू बी अॅड्रेस्ड?’ व्हॉट्सअॅपवर बुकिंग घेत असाल तर खोलीचे दर पाठवता त्याच मेसेजच्या शेवटी हे वाक्य जोडा. बऱ्याच बायका उत्तरात फक्त पहिलं नाव लिहितात. मग प्रश्न मिटला. कुणी ‘डॉक्टर’ लिहील, कुणी ‘मिसेस’ आवर्जून लिहील. ज्यांना स्त्री-पुरुष असं काहीच दाखवायचं नसतं अशी माणसं ‘मिक्स’ लिहितात, एम आणि एक्स अशी दोन अक्षरं. जे लिहिलं असेल ते जसंच्या तसं उतरवा. कारण विचारू नका.

परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत पासपोर्ट तुमच्या हातात येतोच, कारण त्या पोहोचल्यापासून चोवीस तासांत त्यांची माहिती सरकारला कळवावी लागते. पासपोर्टवर ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’ या वेगळ्या ओळी असतात. आडनाव कुठलं हे त्या ओळीवरून ठरवा, नाव ऐकून अंदाजाने नको. चिनी, कोरियन आणि हंगेरियन लोक आडनाव आधी सांगतात. शेवटचा शब्द आडनाव धरून बोललात तर तुम्ही त्या बाईंना नुसत्या पहिल्या नावाने हाक मारत असता. आपल्याच देशातही हा घोळ होतो. तमिळ नावात बरेचदा आडनाव नसून वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं, शीख बायकांच्या नावात ‘कौर’ येतं. अशा वेळी पूर्ण नाव लिहावं, तोडफोड करू नये.

लग्न झालंय की नाही, हे पासपोर्टवर सहसा नसतंच. आधार कार्डावर नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव असलं तरी ते ओळखीपुरतं. त्यावरून ‘मिसेस’ ठरवू नका.

तपासा : घरातल्या प्रत्येकाला, स्वयंपाकघरात असणारीलाही आणि होडीवरच्या पोरालाही, आज येणाऱ्या बाईंचं नाव काय आणि ते कसं म्हणायचं हे माहीत आहे का? नावाचा उच्चार वहीत मराठीत लिहून ठेवा. इंग्रजी स्पेलिंग बघून प्रत्येक जण वेगळं वाचतो, मराठीत लिहिलेलं सगळे सारखं वाचतात.

टप्पा २ : हाक मारायची आहे, की वर्णन करायचंय, हे आधी ठरवा

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, आणि त्याचं कारण आपल्या सवयीत आहे. मराठीत ‘मॅडम, या बसा’ असंही चालतं आणि ‘काल एक मॅडम आल्या होत्या’ असंही चालतं. हाकेचा शब्द तोच, वर्णनाचा शब्द तोच. इंग्रजीत तसं नाही. काही शब्द फक्त हाकेचे आहेत, काही फक्त वर्णनाचे, आणि जागा बदलली की चांगला शब्दही वाईट ठरतो.

‘मॅडम’ तोंडावर म्हटलं की आदर. पण ‘शी इज अ मॅडम’ हे वाक्य कधीही बोलू नका. इंग्रजीत ‘अ मॅडम’ याचा एक रूढ अर्थ कुंटणखाना चालवणारी बाई असा आहे. शिक्षिकेबद्दल सांगायचं असेल तर ‘शी इज अ टीचर’ म्हणा.

‘वुमन’ याच्या बरोबर उलट. वर्णनात हा सगळ्यांत सरळ, स्वच्छ आणि सन्मानाचा शब्द आहे. ‘अ वुमन फ्रॉम पुणे बुक्ड द रूम’ यात काहीही कमी नाही. पण हाक म्हणून ‘हॅलो, वुमन’ म्हटलं तर तो सरळ उद्धटपणा.

‘लेडी’ मधला. ‘द लेडी इन द ब्लू जॅकेट’ असं समोरच्या माणसाला ओळख पटवायला सांगणं सभ्य मानतात. हाक मारताना एकवचनी ‘लेडी’ म्हटलं की तो दरडावल्यासारखा लागतो. अनेकवचनी ‘लेडीज’ मात्र हाक म्हणून चालतो. आणि ‘लेडी’च्या पुढे पहिलं नाव कधी जोडू नका. ब्रिटनमध्ये ती एक पदवी आहे.

सावधान : ‘एक लेडीज आली आहे’ असं आपण मराठीत सर्रास म्हणतो, तेच मग इंग्रजीत ‘वन लेडीज इज वेटिंग’ होऊन बाहेर पडतं. एक असेल तर ‘लेडी’, अनेक असतील तर ‘लेडीज’. तसंच ‘वुमन’ म्हणजे एक आणि ‘विमिन’ म्हणजे अनेक. स्पेलिंगमध्ये ए आणि ई एवढाच फरक आहे, पण उच्चार सुरुवातीपासून बदलतो. ‘वुमन्स आर कमिंग’ असं वाक्य इंग्रजीत होत नाही.

टप्पा ३ : लिहिताना, या क्रमाने ठरवा

मेसेज असो की ई-मेल, वरून खाली एकेक पायरी तपासत या. जिथे उत्तर सापडेल तिथे थांबा.

पहिली पायरी, पदवी. बाई डॉक्टर, प्रोफेसर, कॅप्टन, न्यायाधीश असतील आणि त्यांनी ते कळवलं असेल तर तेच लिहायचं. ‘डॉक्टर’ लिहून पुन्हा पुढे ‘मिसेस’ लावायचं नाही. नवरा-बायको दोघांच्या नावाने बुकिंग असलं की ‘डॉक्टर अँड मिसेस’ लिहायची हमखास सवय दिसते, आणि मग कळतं की डॉक्टर त्या आहेत. दोघांची नावं वेगवेगळी लिहा.

दुसरी पायरी, पदवी माहीत नाही पण आडनाव माहीत आहे. इथे ‘मिझ’. स्पेलिंग एम आणि एस, एवढी दोनच अक्षरं. उच्चार ‘माझा’मधल्या झ सारखा, शेवटी स नाही. लग्न झालंय की नाही याचा या शब्दाशी संबंध नाही. पुरुषाला ‘मिस्टर’ म्हणताना आपण त्याचं लग्न विचारत नाही, तसंच हे. हा शब्द छापात पहिल्यांदा सुचवला गेला तो अमेरिकेत १९०१ मध्ये, म्हणजे तो काही कालपरवाचा नाही; आज कचेरीच्या इंग्रजीत तोच रूढ आहे. अमेरिकन पद्धतीत पुढे टिंब देतात, ब्रिटिश पद्धतीत देत नाहीत. एक पद्धत धरा आणि तीच सगळीकडे ठेवा.

तिसरी पायरी, ‘मिसेस’ आणि ‘मिस’. बाईंनी स्वतः तसं लिहिलं असेल तरच. वय, मंगळसूत्र, बरोबरचा पुरुष, लहान मूल यांतल्या कशावरूनही नाही.

चौथी पायरी, नावच माहीत नाही. उदाहरणार्थ बचत गटाचा अर्ज बँकेत जायचाय आणि अधिकारी कोण ते ठाऊक नाही. ‘डिअर सर’ एवढंच लिहिलं की समोरच्या खुर्चीत बाई असणारच नाही असं तुम्ही गृहीत धरता. ‘डिअर सर ऑर मॅडम’ लिहा, किंवा पदाच्या नावाने ‘डिअर ब्रँच मॅनेजर’. मला दुसरं जास्त पटतं. पत्र अडकत नाही आणि अंदाजही करावा लागत नाही. शेवट करताना एक नियम लक्षात ठेवा. नावाशिवाय सुरुवात केली असेल तर ब्रिटिश वळणाच्या पत्रात, म्हणजे आपल्याकडेही, ‘युअर्स फेथफुली’; नाव लिहिलं असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’. ‘रिस्पेक्टेड मॅडम’ आपल्या देशात चालतं, सरकारी कचेरीत तर खपूनच जातं. परदेशी पाहुणीला ते अवघडल्यासारखं वाटतं.

आता एक मेसेज नीट बघू. समजा पाहुणीचं नाव एमिली आणि आडनाव कार्टर. आपल्याकडून साधारण असं उत्तर जातं :

‘हॅलो डिअर मिसेस एमिली मॅडम, युअर रूम इज कन्फर्म. यू आर कमिंग अलोन ऑर विथ हजबंड? व्हेज ऑर नॉनव्हेज डिअर?’

तीन वाक्यांत सहा चुका. नावाला धरून आलेला ‘डिअर’ पत्राचा आहे, तो चालतो, पण ‘हॅलो’ आणि ‘डिअर’ एकत्र नको. ‘मिसेस’ अंदाजाने आलं. ते पहिल्या नावाला जोडलं, वास्तविक ‘मिझ’ असो वा ‘मिसेस’, जोडायचं आडनावाला. त्यापुढे ‘मॅडम’चं शेपूट लागलं. नवऱ्याची चौकशी झाली, आणि शेवटचा सुटा ‘डिअर’ तर थेट सलगीचा. त्यातला प्रश्न खरा आहे : माणसं किती, पान किती मांडायची. तो विचारायचा असा :

‘डिअर मिझ कार्टर, थँक यू फॉर युअर बुकिंग. युअर रूम इज कन्फर्म्ड फॉर सॅटरडे. हाऊ मेनी गेस्ट्स विल बी स्टेइंग? डू यू ईट फिश अँड मीट, ऑर शुड वुई कुक व्हेजिटेरियन? हाऊ वुड यू लाइक टू बी अॅड्रेस्ड?’

यावर ‘प्लीज कॉल मी एमिली’ असं उत्तर आलं की पुढच्या मेसेजपासून ‘डिअर एमिली’. आपल्याला पहिल्या नावाने हाक मारणं आगाऊपणाचं वाटतं, विशेषतः वयाने मोठ्या बाईला. पण त्यांनी स्वतः सांगितल्यावरही ‘मिझ कार्टर’ चालू ठेवलं तर त्यांना वाटतं, यांनी आपलं वाचलंच नाही.

तपासा : पाठवायच्या आधी मेसेजमधलं बाईंचं नाव काढून तिथे पुरुषाचं नाव घालून वाचा. एखादा शब्द किंवा प्रश्न तिथे विचित्र वाटला तर तो बाईंनाही लिहायचा नाही.

टप्पा ४ : समोरासमोर

पहिल्या भेटीत ‘गुड मॉर्निंग, मॅम’ किंवा नाव माहीत असेल तर ‘गुड मॉर्निंग, मिझ कार्टर’. ‘मॅडम’ की ‘मॅम’ असं मला विचारतात तेव्हा मी ‘मॅम’ सांगते. दिल्ली-बंगळुरूहून येणाऱ्या पाहुण्यांना तो सवयीचा आहे आणि अमेरिकन कानालाही ओळखीचा. तिकडच्या काही तरुण मुलींना मात्र ‘मॅम’ ऐकून आपण म्हाताऱ्या झाल्यासारखं वाटतं, आणि ब्रिटनमध्ये तो राणीला किंवा पोलीस-लष्करातल्या वरिष्ठ बाईंना म्हणतात. म्हणून स्वागताला एकदा म्हणा आणि मग नावावर या. प्रत्येक वाक्याला ‘येस मॅम, ओके मॅम, धिस साइड मॅम’ लावल्याने आदर वाढत नाही. फ्रेंच पाहुणीला ‘मादाम’ म्हणा, वय कितीही असो. ‘मादमोआझेल’ हा कुमारिकेचा शब्द फ्रान्सच्या सरकारने २०१२ मध्ये आपल्या अर्जांतून काढून टाकलाय.

‘मिस’ म्हणून हाक मारणं टाळा. ब्रिटनच्या शाळांत मुलं शिक्षिकेला ‘मिस’ म्हणतात, ते वेगळं. हॉटेलात तो शब्द वयाचा अंदाज ठरतो.

‘आंटी’ नको. मुंबई-पुण्याच्या बायकांना तो अनेकदा लागतो, परदेशी बाईला त्याचा संदर्भच कळत नाही. मराठी पाहुणी असेल तर इंग्रजीची गरज काय? ‘ताई’, ‘काकी’, ‘वहिनी’ हे आपले शब्द आहेत आणि ते गोड लागतात. फक्त त्यांचं इंग्रजी करू नका. ताईचं ‘सिस्टर’ आणि वहिनीचं ‘सिस्टर-इन-लॉ’ करून हाक मारली की समोरची बाई गोंधळते. दवाखान्यात परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणणं आपल्याकडे रूढ आहे, ब्रिटनमध्ये वॉर्डाच्या वरिष्ठ परिचारिकेला म्हणतात, तेवढा अपवाद. घरात सगळे तुम्हाला ‘काकी’ म्हणतात आणि पाहुणीने विचारलं, तर तिलाही ‘काकी’च म्हणायला शिकवा.

‘डिअर’, ‘डार्लिंग’, ‘बेबी’, ‘स्वीटी’, ‘ब्यूटिफुल लेडी’ हे शब्द पाहुणीसाठी तोंडात येऊच देऊ नका. विशेषतः स्कूबा आणि पॅरासेलिंगच्या धक्क्यावर काम करणाऱ्या मुलांना हे कडक सांगा. तिथे पट्टे आवळताना, जॅकेट चढवताना अंगाजवळ जावं लागतं. अशा वेळी सलगीचा एक शब्दही बाईला घाबरवतो. आधी विचारायचं, ‘मे आय टाइटन धिस स्ट्रॅप, मॅम?’, होकार आल्यावर हात लावायचा.

आता शब्दापलीकडची पण याच टप्प्यातली गोष्ट. जोडपं पडवीत जेवायला बसलंय. वाढणारा पुरुषाकडे बघतो आणि विचारतो, ‘व्हॉट विल मॅडम हॅव?’ शब्द आदराचा, तरी बाईंचा अपमान झाला, कारण त्या समोर बसल्या असताना त्यांच्याबद्दल दुसऱ्याला विचारलं. त्यांच्याकडे बघून विचारा, ‘मिझ कार्टर, वुड यू लाइक सम सोलकढी?’ समोर असलेल्या बाईला दुसऱ्याशी बोलताना ‘शी’ म्हणणंही इंग्रजीत रुक्ष वाटतं. मराठीत ‘ह्यांना’ म्हटलं की मान राहतो, इंग्रजी सर्वनामात ती सोय नाही. ‘शी वॉन्ट्स टी’ ऐवजी ‘एमिली वुड लाइक सम टी’.

सावधान : ‘युअर हजबंड’, ‘युअर वाइफ’, ‘युअर डॉटर’ ही नाती स्वतःहून जोडू नका. दोन मैत्रिणी असतात, सहकारी असतात, मावशी-भाची असते. नावं माहीत असली की हे शब्द लागतच नाहीत.

टप्पा ५ : गटाशी बोलताना

हा टप्पा सोपा आहे. सगळ्या बायकाच असतील तर ‘गुड मॉर्निंग, लेडीज’ पहिल्यांदा म्हणायला ठीक, नंतर ‘एव्हरीवन’. मिश्र गट असेल तर सुरुवातीपासून ‘एव्हरीवन’. ‘गाइज’ तरुण पोरं एकमेकांना म्हणतात, यजमानाने म्हणू नये. मोठ्या बायकांच्या गटाला ‘गर्ल्स’ कधीही नाही, त्या आपसात म्हणत असल्या तरीही. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होडीत सूचना देताना ‘सर, प्लीज वेअर युअर लाइफ जॅकेट्स’ असं ओरडलं जातं आणि होडीत निम्म्या बायका असतात. ‘एव्हरीवन, प्लीज वेअर युअर लाइफ जॅकेट’ म्हटलं की प्रत्येकीला कळतं की हे मलाही सांगितलंय. होडीत हा सुरक्षेचाही प्रश्न आहे.

टप्पा ६ : वर्णन करताना आधी विचारा, बाई असल्याचं सांगायला हवंय का?

वेबसाइटचा मजकूर, माहितीपत्रक, अर्ज, बातमी, या सगळ्यांत एकच कसोटी. ती बाई आहे ही माहिती वाचणाऱ्याला कशासाठी लागते? लागत असेल तर ‘वुमन’, ‘विमिन’ बिनदिक्कत लिहा. लागत नसेल तर कामाचं नाव लिहा आणि पुढे जा.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका कांदळवनाची सफर घडवतात. तिथे बायकांनी हे उभं केलं हीच सांगण्यासारखी गोष्ट आहे. म्हणून ‘अ विमिन्स सेल्फ-हेल्प ग्रुप रन्स धिस मँग्रोव्ह सफारी’. इथे ‘लेडीज ग्रुप’ किंवा ‘लोकल गर्ल्स’ लिहिलं की त्यांचं काम हौशी वाटायला लागतं.

उलट ‘लेडी डॉक्टर’, ‘लेडी सरपंच’, ‘लेडी कंडक्टर’, ‘लेडी गाईड’ यांत ‘लेडी’ काढून टाकला तरी माहिती तेवढीच राहते. ‘द सरपंच ऑफ अवर व्हिलेज’ म्हणा, नंतरच्या वाक्यात ‘शी’ आलं की समजतं. पाहुणीला तपासायला बाईच डॉक्टर हवी असेल, तर सांगणं गरजेचं आहे. तिथे ‘अ वुमन डॉक्टर’ किंवा ‘अ फीमेल डॉक्टर’.

‘फीमेल’ विशेषण म्हणून ठीक, नाम म्हणून नको. वेळासला कासव महोत्सवात गाईड सांगतो, ‘द फीमेल कम्स अॅशोर अॅट नाइट अँड लेज हर एग्ज’. ऑलिव्ह रिडले मादीबद्दल हे अगदी बरोबर वाक्य आहे. तोच गाईड पाच मिनिटांनी म्हणतो, ‘टू फीमेल्स आर स्टिल ऑन द बीच’, आणि या वेळी तो पाहुण्यांबद्दल बोलत असतो. ‘टू विमिन’ म्हणायचं.

अठरा वर्षांवरची बाई ‘गर्ल’ नाही. ‘अवर किचन गर्ल’, ‘द गर्ल हू क्लीन्स’ लिहिणाऱ्यांनी विचार करा की ज्यांच्या हाताच्या घावण्यांसाठी आणि वड्यांसाठी पाहुणे पुन्हा येतात, त्यांना वेबसाइटवर नाव का असू नये? त्यांना विचारून नाव लिहा, पुढे ‘अवर कुक’ किंवा ‘हेड कुक’. ‘मेड’, ‘सर्व्हंट’ हे शब्द काढा, ‘हाउसकीपिंग स्टाफ’ लिहा.

‘-मन’ने संपणाऱ्या शब्दांना सहसा सोपा पर्याय असतो. ‘चेअरमन मॅडम’ ऐवजी ‘चेअरपर्सन’ किंवा ‘प्रेसिडेंट’. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना हे पटकन पटतं, कारण २०२१ मध्ये एमसीसीने, म्हणजे क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या लंडनच्या क्लबने, खेळाच्या नियमांतच ‘बॅट्समन’च्या जागी ‘बॅटर’ आणला. मासेमारीत संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना ‘फिशर’ लिहिते. पण आपल्याकडे आधी काम बघा. होडीवर जाते ती ‘फिशर’. बाजारात पाटी घेऊन बसते ती ‘फिश व्हेंडर’. खाडीत तिसऱ्या आणि कालवं काढते तिच्याबद्दल सरळ वाक्य लिहा, ‘शी गॅदर्स क्लॅम्स अँड ऑयस्टर्स’. सगळ्यांना ‘फिशरवुमन’ म्हटल्याने अपमान होत नाही, पण प्रत्येकीचं कसब पुसलं जातं.

तपासा : वर्णनात रूप, वय, लग्न, मुलं यांपैकी काही आलंय का? ‘अ लव्हली मिडल-एज्ड लेडी अँड मदर ऑफ टू रन्स द प्लेस’. तिच्या नवऱ्याबद्दल असं लिहिलं असतं का? काय येतं ते लिहा : किती वर्षं निवास चालवते, काय रांधते, कुठल्या वाटा दाखवते.

टप्पा ७ : डिक्शनरीत बघून केलेल्या भाषांतराचे धोके

मराठी शब्द फोनवर टाकून पहिला इंग्रजी शब्द उचलला की हमखास घात होणारे काही शब्द.

मालकीण. डिक्शनरी ‘मिस्ट्रेस’ देते. आजच्या इंग्रजीत एकट्या ‘मिस्ट्रेस’चा पहिला अर्थ विवाहित पुरुषाची ठेवलेली बाई असा घेतात. ‘ओनर’ किंवा ‘होस्ट’ लिहा.

कोळीण, मासेवाली. ‘फिशवाइफ’ हा शब्द दिसेल. कधीकाळी त्याचा अर्थ मासे विकणारी असाच होता, आज ती कर्कश भांडखोर बाईला दिलेली शिवी आहे.

श्रीमती. सरकारी पत्रात विवाहित-अविवाहित न बघता लिहितात, गावात बरेच जण नवरा हयात नाही असं समजतात, हिंदीत सरळ विवाहितेला लावतात. त्यामुळे इंग्रजी करताना तिघं तीन शब्द घालतात. तिन्ही ठिकाणी ‘मिझ’ लिहा. ‘सौ.’ आणि ‘कु.’ यांचंही तेच, बाईंनी स्वतः वेगळं सांगितलं नसेल तर. बचत गटाच्या सभासद यादीत प्रत्येकीचं स्वतःचं पूर्ण नाव हवं, ‘मिसेस’ अधिक नवऱ्याचं नाव अशी यादी नको. विधवा आणि घटस्फोटित हे शब्द योजनेच्या अटीसाठी लागतील तेव्हा ‘विडो’ किंवा ‘डिव्होर्स्ड’ म्हणून त्या रकान्यातच लिहा, नावाला चिकटवू नका.

गृहिणी आणि छेडछाड. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्त्रियांबद्दलच्या साचेबंद शब्दांवर न्यायाधीश-वकिलांसाठी एक पुस्तिका काढली. तीत ‘हाउसवाइफ’ऐवजी ‘होममेकर’, ‘स्पिन्स्टर’ऐवजी ‘अनमॅरीड वुमन’ आणि ‘ईव्ह टीझिंग’ऐवजी ‘स्ट्रीट सेक्शुअल हॅरॅसमेंट’ सुचवलंय. शेवटचा शब्द किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आवर्जून बदलावा. समुद्रकाठच्या फलकावर ‘टीझिंग’ लिहिलं की गुन्हा चेष्टेसारखा वाचला जातो. ‘सेक्शुअल हॅरॅसमेंट इज अ क्राइम’ लिहा आणि खाली मदतीचा ११२ क्रमांक द्या.

टप्पा ८ : चुकलंच तर

बाईंनी ‘इट्स मिझ, नॉट मिसेस’ किंवा ‘प्लीज डोन्ट कॉल मी दॅट’ असं सांगितलं, तर एकच वाक्य : ‘आय अॅम सॉरी, मिझ कार्टर’. आणि बरोबर शब्द वापरून पुढच्या कामाला लागा. आमच्याकडे असंच म्हणतात, मला इंग्रजी येत नाही, तुम्ही माझ्या आईसारख्या आहात, असली लांबण लावली की उलट त्यांनाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. नंतर वहीत नावापुढे दुरुस्ती लिहा. संध्याकाळी पाळी बदलल्यावर दुसऱ्याने तीच चूक केली तर ती घराची चूक ठरते.

टप्पा ९ : पाट्या आणि फॉर्म दुरुस्त करायची वेळ

जून ते ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात, पाहुणे कमी असतात. ही कामं तेव्हाच काढा, आणि क्रम चुकवू नका. आधी बुकिंग फॉर्म, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मग फोनमध्ये साठवलेली तयार उत्तरं. त्यानंतर वेबसाइटचा मजकूर, तोही ज्यांच्याबद्दल लिहिलाय त्या बायकांना वाचून दाखवून. पाट्या सगळ्यांत शेवटी, पाऊस उघडल्यावर. रंगाऱ्याला ‘विमिन्स’चं स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या : डब्ल्यू, ओ, एम, ई, एन, मग वरचा स्वल्पविराम, मग एस. तो ई च्या जागी ए घालत नाही ना, एवढं तिथे उभं राहून बघा. स्वच्छतागृहावर ‘लेडीज’ किंवा ‘विमिन’ दोन्ही चालतं, पण एकाच आवारात एका दारावर ‘जेन्ट्स’ आणि दुसऱ्यावर ‘विमिन’ असं नको. ‘मेन’ असेल तर ‘विमिन’, ‘जेन्ट्स’ असेल तर ‘लेडीज’.